होपी लोक: काय राखलं, काय सोडलं आणि ते ठरवलं कोणी

वाळवंटी_विनू:

मंडळी, ग्रँड कॅन्यनच्या धाग्यावर कोणीतरी विचारलेलं की वाटेत होपी ह्या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीची गावं लागतात ती बघण्यासारखी आहेत का, तिथे दोन ओळी टाकून सुटलो होतो पण विषय दोन ओळींत मावणारा नाही म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी फिनिक्सला असतो, पोटापाण्याला आयटी, अभ्यासक वगैरे नाही. पण यांच्याबद्दल हाताला लागेल ते वाचत आलोय आणि अधूनमधून तिकडे चक्कर होते.

आधी भूगोल. अ‍ॅरिझोनाचा ईशान्य कोपरा, ब्लॅक मेसा नावाचं प्रचंड पठार, त्याची दक्षिणेकडे आलेली तीन बोटं म्हणजे फर्स्ट मेसा, सेकंड मेसा आणि थर्ड मेसा. वर सपाट, कडेला सरळसोट कडा, आणि कड्याच्या टोकावर दगडी घरं. गावं साधारण डझनभर, २६४ नंबरचा हायवे धरला की एकामागून एक लागतात. चहूबाजूंनी नावाहो ह्या शेजारच्या जमातीचं रिझर्व्हेशन (राखीव प्रदेश) आणि मधल्या तुकड्यात हे, २०१० च्या जनगणनेत रिझर्व्हेशनवर सात हजारांच्या आसपास माणसं. थर्ड मेसावरचं ओराइबी साधारण ११०० ते ११५० पासून सलग वसलेलं आहे, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या नांदत्या गावांत त्याचं नाव घेतात.

आता मुद्दा. टुरिस्ट ब्रोशर उघडा, यूट्यूब उघडा, सगळीकडे एकच पालुपद, "हजार वर्षं जराही न बदललेले लोक". मला हे अजिबात पटत नाही. म्हणजे कौतुक म्हणूनही पटत नाही, कारण त्यात त्या लोकांनी स्वतः डोकं लावून, भांडून, घरं सोडून जे निर्णय घेतले ते सगळे गायब होतात आणि उरतो एक काचेच्या पेटीतला पुतळा.

उदाहरणं देतो. मेसाच्या पायथ्याला पीचच्या बागा असायच्या, मटणाचा रस्सा हा त्यांचा सणासुदीचा पदार्थ, आणि पीच काय मेंढी काय दोन्ही स्पॅनिश लोकांबरोबर आलेलं. १५४० मध्ये स्पॅनिश पहिल्यांदा तिथे पोचले, १६२९ पासून पाद्री येऊन बसले, १६८० च्या प्वेब्लो उठावात, म्हणजे तिथल्या मूळनिवासी गावांनी स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या बंडात, होपींनी त्या पाद्र्यांना संपवलं. पाद्री नको होते, मेंढी चालली! फर्स्ट मेसावर एक अख्खं गाव टेवा ह्या वेगळी भाषा बोलणाऱ्या जमातीचं आहे, ते त्या उठावानंतरच्या धामधुमीत पूर्वेच्या रिओ ग्रांदे नदीकडून आले, राखणीला म्हणून वसवले गेले, आणि तीनशे वर्षं होपींच्यात राहून घरात अजून टेवा बोलतात. आज "अस्सल होपी मातीकाम" म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं नाम्पेयो नावाच्या ह्याच टेवा गावातल्या बाईपासून सुरू झालं. तिने १८९० च्या दशकात सिक्यात्की ह्या उजाड झालेल्या जुन्या गावाच्या खापरांवरची नक्षी बघून ती शैली परत उभी केली, म्हातारपणी तिची नजर गेली तर भांडी ती घडवायची आणि रंगवायच्या मुली. तिच्या खापरपणतवंडांचं दुकान अजून त्यावर चालतं. होपी चांदीकाम त्याहून नवीन. दोन पत्रे एकावर एक, वरच्यात नक्षी कापायची आणि खालचा काळा करायचा, ही पद्धत १९४७ च्या सुमारास दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या होपी सैनिकांना वर्गात शिकवली गेली, शिकवणारे फ्रेड काबोटी आणि पॉल सॉफ्की, दोघेही होपीच.

आणि आता १९०६. सरकारने शाळा काढल्या, पोरं पाठवा म्हणून सक्ती, जमिनी वाटून घ्या म्हणून सक्ती. ओराइबीत उभी फूट पडली. एक बाजू तेवाक्वाप्तेवा ह्या तरुण प्रमुखाची, सरकारशी जमवून घेऊ म्हणणारी. दुसरी युकिउमाची, एक पोरगं पाठवणार नाही म्हणणारी. १८९५ मध्ये विरोध करणाऱ्या एकोणीस होपी पुरुषांना धरून चक्क सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगात नेऊन डांबलं होतं, तरी हे बधले नाहीत. सप्टेंबर १९०६ मध्ये शेवटी जमिनीवर रेघ ओढली, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये युकिउमा, आणि अक्षरशः ढकलाढकली. ज्याला रेघेपलीकडे ढकललं त्याने गाव सोडायचं. शस्त्र नाही, गोळी नाही. युकिउमा रेघेपलीकडे गेला आणि त्याच दिवशी जवळजवळ अर्धं गाव उचलता येईल तेवढं सामान घेऊन निघालं, काही मैलांवर झऱ्याजवळ होटेव्हिला वसलं. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, आणि त्यातले बरेच बाप्ये लगेच अटकेत, पोरं शाळेत उचलून नेलेली. काही जण परत ओराइबीला गेले, पुन्हा हाकलले गेले, त्यांनी १९०९ मध्ये बाकावी वसवलं.

तर "न बदललेले" म्हणायचं कोणाला, जे राहिले त्यांना की जे गेले त्यांना? तुम्हाला काय वाटतं लिहा, प्रश्न असतील तर माहितीप्रमाणे उत्तर देईन.

कोथरूडची_मैना:

वा, मस्त धागा विनूदादा. त्या ढकलाढकलीबद्दल पहिल्यांदाच वाचलं. मला घराबद्दल विचारायचंय, कुठेतरी वाचलेलं की बायकांच्या नावावर घरं असतात, ते खरं का? आणि मग नवऱ्याचं काय?

वाळवंटी_विनू:

मैनाताई, खरं आहे. कूळ आईकडून. अस्वल, सूर्य, साप, मका, गरुड अशी कुळं असतात, मूल आईच्या कुळाचं, आणि घर, शेत, बियाणं हे बाईच्या बाजूला. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. पण बापाची बाजू बिनमहत्त्वाची असं नाही हं, मुलाचं नाव ठेवतात त्या बापाच्या बहिणी आणि आई. जन्मल्यावर वीस दिवस बाळाला थेट ऊन लागू देत नाहीत, शेजारी मक्याचं निर्दोष भरलेलं कणीस ठेवतात, विसाव्या पहाटे ह्या आत्या येऊन युक्का ह्या झुडपाच्या मुळाच्या फेसाने बाळाचे केस धुतात आणि एकेक जण आपापल्या कुळाशी नातं असलेलं नाव देते, मग बाळाला उगवत्या सूर्यासमोर नेतात. आता बाळंतपण हॉस्पिटलात होतं, जन्मदाखल्यावर इंग्रजी नाव असतं, पण विसावा दिवस बरीच घरं करतात.

लग्नाचं तर अजून इंटरेस्टिंग. नवरी नवऱ्याच्या आईकडे जाऊन मका दळत बसते, आणि तोवर नवऱ्याकडचे बाप्ये, मामा, काका, बाप, सुताचे पांढरे शेले विणतात. विणकाम तिथे पुरुषांचं. तो शेला बाईला मेल्यानंतरच्या प्रवासाला लागतो अशी श्रद्धा, म्हणून तो टाळून चालत नाही. मग मुलीकडच्यांनी त्याची परतफेड मक्याच्या पिठाच्या राशी घालून करायची. हे सगळं इतकं खर्चाचं आणि वेळखाऊ की हल्ली बरीच जोडपी आधी कोर्टात लग्न करून मोकळी होतात, पोरंबाळं होतात, आणि पारंपरिक लग्न कित्येक वर्षांनी जमेल तेव्हा.

कोथरूडची_मैना:

पुरुष विणतात हे वाचून आमच्या घरातल्या पुरुषाला दाखवलं. प्रतिक्रिया शून्य. :)

माणदेशी_आप्पा:

राम राम मंडळी. मला त्या शेतीचं सांगा. पाऊस किती पडतो तिकडं? आमच्याकडं माणात बी पाऊस बेताचाच, त्यामुळं कोरडवाहू म्हणलं की कान टवकारतात.

बीजांकुर:

आप्पा, मी सांगते, पिकांच्या जातींवर काम असल्यामुळे ह्याबद्दल वाचणं झालंय. वर्षाला आठ ते दहा इंच, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिलिमीटर, आणि त्यातही काही वाटा हिवाळ्यातल्या बर्फाचा आणि काही जुलै-ऑगस्टच्या वळवासारख्या सरींचा. कालवा नाही, विहीर नाही, ठिबक नाही. रेताड जमीन निवडतात, वर वाळू आणि खाली ओल धरणारा थर, बर्फ वितळून मुरतो आणि वरची वाळू ती ओल उडू देत नाही. मग लाकडी टोकदार काठीने ओल लागेपर्यंत भोक पाडायचं, सहा इंचांपासून फूटभर किंवा त्याहून खाली, आणि त्यात एकदम दहा-बारा किंवा जास्त दाणे टाकायचे. तास वगैरे भानगड नाही, दोन-तीन पावलांवर एकेक झुबका. आपला बाजारातला संकरित मका इतक्या खोल टाकला तर वर यायच्या आधीच दम तोडेल, पण ह्यांच्या मक्याच्या कोंबाचा खालचा दांडा इतका लांब वाढतो की तो फूटभरातून डोकं वर काढतो. झुबक्यात बाहेरची रोपं वारा आणि वाळूचा मारा खातात, आतली तगतात. झाड बुटकं, कणीस खालीच लागतं.

ही जात कोणा विद्यापीठाने काढलेली नाही, घराघरातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या बी निवडून केलेली आहे, निळा, पांढरा, लाल, पिवळा, गोड मका सगळे वेगळे राखून. मायकेल कोटुत्वा जॉन्सन म्हणून होपी शेतकरी आहेत ज्यांनी ह्याच शेतीवर पीएचडी केली, ते स्वतःची ओळखच अडीचशेव्या पिढीतला शेतकरी अशी करून देतात. कृषी खात्याच्या शिफारशी ह्या शेतीला लागूच पडत नाहीत असं त्यांचं म्हणणं, कारण शिफारस पीक बघून केलेली असते आणि इथे पीक त्या जागेला बघून घडलंय.

बदल इथेही आहेत. बरेच जण आता ट्रॅक्टरने पेरतात, विकेंडला फिनिक्स-फ्लॅगस्टाफहून येऊन शेत करणारे आहेत, आणि सलग वीसेक वर्षांच्या दुष्काळाने काही शेतं पडीक पडली आहेत.

माणदेशी_आप्पा:

फूटभर खोल! वाचून परत वाचलं. दंडवत त्या बायास्नी.

खवय्या_खानदेशी:

मक्याचं करतात काय पण? कोणी खाल्लंय का?

वाळवंटी_विनू:

खाल्लंय हो. पिकी. निळ्या मक्याचं अगदी बारीक दळलेलं पीठ, त्यात झुडपाची राख कालवलेलं पाणी, ती राख पडली की राखाडी पिठाला निळसर हिरवट रंग चढतो आणि पौष्टिकही होतं. मग तापलेल्या गुळगुळीत काळ्या शिळेवर बाई उघड्या हाताने, हो उघड्या हाताने, ते पातळ पीठ एका फटकाऱ्यात सारवते. कागदाहून पातळ पापुद्रा, क्षणात सुटतो, गुंडाळून ठेवायचा. आपल्या मांड्यांची आठवण येते पण हे त्याहून पातळ आणि कुरकुरीत, तोंडात टाकलं की विरघळतं. शिळेला कलिंगडाच्या बिया वाटून त्याचं तेल पाजतात, चांगली शिळा आईकडून मुलीकडे जाते, आणि बाहेरचं माणूस तिथे लुडबुडलेलं चालत नाही. पिकी करता येणाऱ्या बायका कमी होत चालल्यात ही तक्रार तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असते, पण गावात विधीचा नाच असला की पिकीचे ढीग लागतात, कारण ते देण्याघेण्याचं खाणं आहे.

रोखठोक:

धागा चांगला आहे पण एक सांगतो, गोड वाटणार नाही. वर लिहिलंय की पिकी करणाऱ्या कमी होतायत, भाषा बोलणारे कमी होतायत असंही असणारच, आणि दुसरीकडे मी वाचलं की ह्यांच्या गावात फोटो काढायला बंदी, व्हिडिओ बंदी, स्केचसुद्धा काढू देत नाहीत. अरे मग टिकणार कसं? आजच्या काळात जे रेकॉर्ड झालं नाही ते मेलं. आपल्याकडच्या किती लोककला केवळ कोणीतरी टेप घेऊन गेला म्हणून वाचल्या. हा सरळ सरळ पायावर धोंडा आहे. आणि लपवाछपवी केली की बाहेरच्यांना उगाच गूढ वाटतं.

ग्रंथकीट:

रोखठोक, तुमचा मुद्दा समजतो पण बंदी आकाशातून पडलेली नाही, ती का आली ते बघा.

१८९० च्या दशकात रेल्वेने टुरिस्ट यायला लागले आणि सर्पनृत्य, म्हणजे साप घेऊन करायचा होपींचा विधीचा नाच, त्याची जत्रा झाली. फोटोग्राफर लोक नाचणाऱ्यांच्या वाटेत ट्रायपॉड रोवून उभे. १९१३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा फर्स्ट मेसावरच्या वाल्पी गावात तो बघायला आला होता. त्याच सुमारास ओराइबीत एच. आर. व्होट नावाचा मेनोनाइट ह्या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी होता, १८९३ पासून, भाषा शिकलेला. हा माणूस मनाई असताना भूमिगत पूजाघरात म्हणजे किवात घुसायचा, टिपणं काढायचा, फोटो काढायचा, आणि त्यावरून शिकागोच्या म्युझियमसाठी वेद्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या. म्हणजे तुमचं डॉक्युमेंटेशन उत्तम झालं! त्याने बांधलेलं चर्च १९४२ मध्ये वीज पडून जळालं, भिंतींचे अवशेष आहेत अजून, होपी लोकांनी ते मुद्दाम पाडले नाहीत की दुरुस्तही केले नाहीत.

पुढे ऐका. प्रेस्कॉट गावातल्या गोऱ्या व्यापारी मंडळींनी १९२१ पासून स्वतःला स्मोकी म्हणवून घेऊन, अंगाला रंग फासून, होपींच्या सर्पनृत्याची नक्कल दरवर्षी तिकीट लावून केली. १९९० पर्यंत! होपी लोक निदर्शनं करायला आले तेव्हा बंद पडली. १९९२ मध्ये एका बड्या कॉमिक्स कंपनीने कात्सिनांना, म्हणजे होपींच्या पाऊस आणणाऱ्या पवित्र आत्म्यांना, गुंड म्हणून दाखवलं, त्यानंतर बऱ्याच गावांनी कात्सिना नाच बाहेरच्यांना बंद केले. २०१३ मध्ये पॅरिसला सत्तरेक पवित्र वस्तूंचा लिलाव झाला, होपींनी कोर्टात जाऊन थांबवायचा प्रयत्न केला, फ्रेंच कोर्ट म्हणालं कायद्यात बसतं. त्यांच्या दृष्टीने त्या वस्तू नाहीत, जिवंत आहेत, आणि त्या कोणा एकाच्या मालकीच्याच नाहीत त्यामुळे विकायचा हक्क कोणालाच नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरच्या लिलावात अ‍ॅननबर्ग फाउंडेशनने गुपचूप बोली लावून २४ वस्तू पाच लाख तीस हजार डॉलरला घेतल्या आणि २१ होपींना, ३ अपाची जमातीला परत दिल्या. अशा वस्तू देशाबाहेर न्यायला रोखणारा अमेरिकन कायदा व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला.

एवढं झाल्यावर कोणी दाराला कडी लावली तर त्याला लपवाछपवी म्हणायचं?

रोखठोक:

चोरी झाली म्हणून कडी, हे कळलं. पण माझा प्रश्न आतल्यांचा आहे. त्यांच्याच पोरांसाठी तरी रेकॉर्ड करून ठेवायला काय हरकत? बाहेर नका दाखवू.

वाळवंटी_विनू:

हा खरा प्रश्न. आणि मला वाटतं इथेच आपली गाडी अडते, कारण आपण धरून चालतो की ज्ञान हे "सगळ्या समाजाचं" असतं. होपींच्यात तसं नाही. अमुक विधी अमुक कुळाचा, तमुक गाणं तमुक मंडळाचं, आणि ते दीक्षा घेतलेल्यांनाच. शेजारच्या कुळातला होपीसुद्धा खोदून विचारत नाही, विचारणं असभ्य. मग रेकॉर्डिंग करून ठेवायचं कुठे? कपाटाची किल्ली कोणाकडे? ते रेकॉर्डिंग झालं की ज्याने ते आयुष्यभर सांभाळायची जबाबदारी घेतली नाही त्याच्याही हातात जातं. म्हणून काही बाबतीत त्यांचं मत असं की ज्यांचं काम ते कूळ संपलं तर विधीही जाऊ द्यावा, दुसऱ्याने उचलून चालवू नये. काही विधी असे गेलेही आहेत. आपल्याला हे ऐकून कसंतरी होतं, मलाही होतं.

कात्सिनांबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. हिवाळ्यापासून जुलैपर्यंत ते गावांत असतात, मग फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर परततात, पाऊस-ढग त्यांच्यामुळे, मुलींना कॉटनवूड झाडाच्या मुळाच्या कोरीव बाहुल्या मिळतात, एवढं उघड आहे. पुढचं छापलेलं सापडतं, पण मुलांना कधी काय सांगायचं ते त्यांचं ठरलेलं असतं आणि ते नेटवर फोडू नका असं ते लोक सांगतात, तर नको. त्याच शिखरांवर स्की रिसॉर्ट आहे, सांडपाणी शुद्ध करून त्याचा बर्फ पाडायला परवानगी मिळाली, होपी-नावाहो आणि इतर जमाती वरच्या कोर्टापर्यंत गेल्या, हरल्या, २०१२ पासून तो बर्फ पडतोय. आपण म्हणू पाणी शुद्ध केलंय ना, मग काय. पण देवघरात कोणतं पाणी चालतं ते लॅब रिपोर्टवर ठरतं का!

भाषेचं मात्र वेगळं आहे, तिथे ते रेकॉर्डिंगला नाही म्हणत नाहीत. २००० च्या डिसेंबरपासून कुयी ८८.१ एफएम हे त्यांचं स्वतःचं रेडिओ स्टेशन आहे, होपीत बातम्या, गाणी, लहान मुलांसाठी कार्यक्रम. १९९८ मध्ये तीस हजारांच्या आसपास नोंदींचा शब्दकोश आला, थर्ड मेसाच्या बोलीचा. आणि त्यावरही भांडण झालं बरं का, हा बाहेरच्यांना विकायचाच का, पैसे कोणाला, आमच्या मेसाची बोली कुठंय. घरोघरी मुलं इंग्रजीच बोलतात ही वस्तुस्थिती. पोरगा नाचात उभा राहतो, गाणं तोंडपाठ, अर्थ आजोबांना विचारावा लागतो.

ग्रंथकीट:

अवांतर: "शांतताप्रिय होपी" हेही ब्रोशरवालं चित्र. १७०० च्या हिवाळ्यात अवातोवी ह्या होपी गावाने पाद्र्यांना परत घेतलं म्हणून बाकीच्या होपी गावांनीच ते जाळून संपवलं, माणसं मारली. ते गाव पुन्हा वसलं नाही. विनूने ओराइबीची बिनरक्ताची फूट सांगितली, त्याच्या मागे दोनशे वर्षांपूर्वीचं हे आहे.

निवृत्त_काका:

सगळं वाचलं. आयुष्य औष्णिक केंद्रात गेलं म्हणून कोळशाबद्दल लिहितो, कारण संस्कृती संस्कृती म्हणताना लोक पैसा विसरतात. ब्लॅक मेसाखाली उत्तम कोळसा. १९६४ आणि १९६६ मध्ये पीबॉडी कंपनीला लीज दिलं गेलं, होपी कौन्सिलचा वकील होता जॉन बॉयडन, आणि पुढे कागदपत्रांतून निघालं की तो त्याच काळात पीबॉडीचंही काम करत होता. दर अगदी किरकोळ. कोळसा कुटून पाण्यात कालवून २७३ मैल पाइपलाइनने नेवाडाच्या मोहावी केंद्राला. इंजिनिअर म्हणून सांगतो, तंत्र म्हणून देखणं काम आहे, पण वाळवंटात त्यासाठी भूगर्भातलं पिण्याचं पाणी दिवसाला सुमारे ३३ लाख गॅलन उपसायचे, हे कोणाच्या डोक्यात आलं देव जाणे. मेसाखालचे झरे आटले असं गावकरी सांगत राहिले. झरा म्हणजे तिथे पाणवठा आणि देऊळ दोन्ही. २००५ अखेर मोहावी बंद झालं, २०१९ मध्ये इथल्याच कोळशावर चालणारं नावाहो जनरेटिंग स्टेशन हे दुसरं वीजकेंद्र आणि खाण दोन्ही बंद.

आता दुसरी बाजू. होपी सरकारच्या उत्पन्नाचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा ह्या कोळशाचा होता. तो गेला. कॅसिनो काढून पैसा करावा तर २००४ मध्ये लोकांनी मतदानात नाही म्हटलं, पण २०१७ मध्ये मात्र राज्याशी कॅसिनोच्या करारावर सही केली. पोरं शहरात जाणारच. मग विसाव्या दिवसाला केस धुवायला आत्या कुठून आणायच्या?

आणि हेही लक्षात घ्या की ते "होपी कौन्सिल" म्हणजे काय, १९३६ ची घटना, वॉशिंग्टनच्या साच्यातली. त्याआधी प्रत्येक गाव आपापलं, प्रत्येकाचा किकमोंग्वी म्हणजे गावप्रमुख. बरीच गावं वर्षानुवर्षं कौन्सिलवर माणूसच पाठवत नव्हती. लीजवर सही करणारे "होपी" आणि झरा आटला म्हणून रडणारे होपी हे एक नव्हते.

वाळवंटी_विनू:

काका, जबरदस्त प्रतिसाद. विजेचंच एक जोडतो. होटेव्हिलाच्या जुन्या मंडळींनी विजेचे खांब गावात येऊ दिले नाहीत, तारा पवित्र जागेवरून जातात आणि बिल थकलं की जमिनीवर हक्क सांगतील अशी भीती. पण १९८० च्या दशकात होपी फाउंडेशनने घरांवर सोलर बसवायला सुरुवात केली तर ते चाललं! खांब नाही, कंपनी नाही, छप्पर बाईचं आणि वीजही तिची. म्हणजे भांडण बल्बशी नव्हतंच.

धावरा:

धावण्याबद्दल कोणीच नाही लिहिलं? लुई तेवानिमा, सेकंड मेसावरच्या शुंगोपाविचा. १९०६ च्या भांडणात विरोधी गटातला म्हणून त्याला उचलून पेनसिल्व्हेनियाच्या कार्लाइल शाळेत टाकलं, तिथे पळायला लागला, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरला रौप्य. अमेरिकन म्हणून त्याची वेळ १९६४ पर्यंत कोणी मोडली नाही, मोडली तीही बिली मिल्स ह्या लकोटा ह्या दुसऱ्या मूळनिवासी जमातीतल्या माणसाने. आणि पदक मिळवून हा बाबा गावी परत, शेती आणि विधी, संपला विषय. तिथे धावणं म्हणजे पाऊस बोलवणं, पहाटे मेसावरून खाली शेतापर्यंत. होपी हायस्कूलच्या मुलांनी १९९० ते २०१६ सलग २७ वर्षं राज्याचं क्रॉस कंट्री जिंकलं. ते हायस्कूल १९८६ ला निघालं, त्याआधी पोरांना शिकायला लांबच्या बोर्डिंगमध्ये जावं लागायचं, आता घरी राहून शिकतात, नाच असला की नाचात असतात. मला तर वाटतं रेडिओ आणि शब्दकोशापेक्षा त्या शाळेने जास्त काम केलं.

खवय्या_खानदेशी:

+१. आणि संगीत? नुसतं पारंपरिकच?

वाळवंटी_विनू:

रेगे! १९८० च्या दशकापासून थेट जमैकाचे कलाकार मेसावर येऊन कार्यक्रम करून गेलेत, होपी रेगे गायकही आहेत. पाऊस, शेती, गोऱ्यांचं राज्य, त्यांना सगळं ओळखीचं वाटलं असणार.

कोथरूडची_मैना:

भाऊ ऑक्टोबरात लास वेगासला येतोय, त्याला एक दिवस तिकडे पाठवू का? काय काळजी घ्यायची?

वाळवंटी_विनू:

जरूर. फ्लॅगस्टाफला मुक्काम करू दे, तिथून दोनेक तास. फोन, कॅमेरा, वही सगळं गाडीत ठेवायचं, वाल्पीला गाइडबरोबरच जाता येतं, इतरत्र "आत येऊ नका" पाटी असली तर येऊ नका म्हणजे येऊ नका. नाच बघायला मिळालाच तर मागे गप उभं राहायचं, "ह्याचा अर्थ काय" विचारत सुटायचं नाही. सेकंड मेसाच्या कल्चरल सेंटरला मटण आणि मक्याचा रस्सा मिळतो, तो खावा. घरांबाहेर हाताने लिहिलेल्या पाट्या असतात, चांदी, टोपल्या, पिकी, तिथे थेट घ्यावं, रोख जवळ ठेवावी. आणि घड्याळ! अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नावाहो पाळतात, मधले होपी पाळत नाहीत, त्यामुळे नावाहोंच्या ट्यूबा सिटीहून होपीत शिरताना फोन एक तास मागे आणि बाहेर पडलं की पुढे. गाइडची वेळ चुकवू नको म्हणावं.

माणदेशी_आप्पा:

शेवटचं इचारतो. त्या निळ्या मक्याचं बी आपल्याला मिळंल का?

बीजांकुर:

आप्पा, "होपी ब्लू" नावाने अमेरिकेतल्या बियाण्यांच्या कॅटलॉगमध्ये मिळतं, पण ते बाहेर शेतात पाणी देऊन वाढवलेलं असतं, आणि असं आपलं बी नावासकट बाजारात जावं हे काही होपी शेतकऱ्यांना रुचत नाही. शिवाय परदेशी बी आणायचं तर क्वारंटाइनचे परवाने. आणि समजा आणलंच, तर त्याला लागतं हिवाळ्यात मुरलेलं बर्फाचं पाणी आणि वर वाळू. माणात खाली मुरूम आणि पाऊस परतीचा. फूटभर खाली टाकलंत तर तिथंच राहील.

माणदेशी_आप्पा:

मग ऱ्हाऊ द्या. आमच्या म्हातारीनं गाडग्यात राखंत घालून ठेवल्याली बाजरी हाय, तीच ह्या साली वेगळी पेरून बगतो.